न वाचता आवडलं

स्टीमिट नावाच्या लेखनाच्या संकेतस्थळावर २०१७ च्या सुमारास एक चमत्कार रोज घडायचा आणि त्याला कोणी साधा नारळही फोडत नसे. लेखाखाली दोन आकडे असायचे. एक, लेखाला पसंतीची मतं किती पडली. दुसरा, लेख किती वेळा उघडला गेला. पहिला आकडा दोनशे-अडीचशे आणि दुसरा जेमतेम वीस, अशी गणितं तिथे सर्रास सापडत. त्या विसांतही पाच-सहा वेळा लेखक स्वतःच येऊन गेलेला असणार, कारण आपलंच छापून आलेलं पुन्हा पुन्हा उघडून बघण्याची खोड शाईच्या काळापासूनची आहे. उरले चौदा. बाकीच्या दोनशेंना लेख न उघडताच आवडला होता.

यात लबाडी होती का? होती. पण लपवाछपवी औषधालाही नव्हती, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

स्टीमिट सुरू झालं २०१६ साली. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोघांनी मांडलेली कल्पना अशी की ऐकून कुठल्याही लेखकाचे डोळे पाणावावेत. तुम्ही लिहायचं, लोकांनी वाचायचं, आवडलं तर मत द्यायचं, आणि रोज नव्याने पडणाऱ्या ‘स्टीम’ या आभासी नाण्यांतला वाटा मतांच्या हिशेबाने तुमच्या खात्यात. मध्ये संपादक नाही, जाहिरातदार नाही, ‘साभार परत’ नाही. पुढे नियम स्थिरावले तेव्हा मुदत ठरली सात दिवसांची : सात दिवस मतं गोळा करा, मग पैसे घ्या. दिवाळी अंकातल्या लेखाचं मानधन पुढच्या दिवाळीपर्यंत येईल अशी आशा धरणारा, आणि संपादकांनी ‘अंक मिळाला ना?’ असं प्रेमाने विचारलं की विषय तिथेच मिटला हे ओळखणारा मराठी लेखक ‘सात दिवस’ हे शब्द दोनदा वाचेल.

शिवाय लेखाला किती मिळाले हे लेखाच्या खालीच डॉलरमध्ये लटकावलेलं. आपल्याकडे लेखकाला ‘किती दिले हो?’ असं विचारणं असभ्य, आणि खरा आकडा सांगणं त्याहून लाजिरवाणं. तिथे तो प्रश्नच निकालात. विरहावरच्या कवितेखाली ०.०२ डॉलर असं दिसलं की समीक्षकाला वेगळं काही लिहायचं उरत नाही.

गोम होती ती मताच्या वजनात. एक माणूस, एक मत असला बाळबोध प्रकार तिथे नव्हता. ज्याने जास्त नाणी खात्यात अडकवून ठेवली, त्याच्या मताचं वजन जास्त. या अडकवलेल्या नाण्यांना म्हणायचं ‘स्टीम पॉवर’. त्यावरून लोकांची उतरंडही लागली होती, आणि ती सगळी पाण्यातली : तळाला प्लँक्टन, मग मिनो, मग डॉल्फिन, मग ऑर्का आणि सगळ्यांच्या डोक्यावर व्हेल. शेकडो प्लँक्टननी घसा कोरडा होईपर्यंत वाहवा केली तरी लेखाची किंमत पैशा-दोन पैशांनी हलायची. एका व्हेलने जांभई देता देता बटण दाबलं तर तीच किंमत गच्चीवर जाऊन बसायची.

आता व्हेल ही मंडळी मुळात नाणी राखून बसलेली. त्यांना वाचनाची गोडी असेलच असं नाही, आणि असली तरी पूर्ण ताकदीची मतं दिवसाला साधारण दहाच परवडत. एका मताला ताकदीतली दोन टक्के खर्च व्हायची आणि दिवसभरात वीस टक्के भरून यायची, असा तो हिशेब होता. रोज हजारोंनी लेख पडणार, व्हेल मूठभर, त्यांची मतं दहा-दहा. मग प्लँक्टननी काय करावं? त्यांनी जे जगभर करतात तेच आधी करून पाहिलं. व्हेलच्या लेखाखाली जाऊन ‘काय सुंदर लिहिता हो’ म्हटलं. व्हेलच्या मांजराचं कौतुक केलं. पण स्तुतीचा भाव स्तुती करणाऱ्यांच्या संख्येने पडतो, आणि इथे तर सगळेच स्तुती करणारे. अशा वेळी बाजारात कोणीतरी दुकान टाकतोच. इथे टाकलं ते बॉटने.

बॉट म्हणजे यंत्रमानव वगैरे काही नाही. चोवीस तास चालू राहणारी एक छोटी आज्ञावली आणि तिच्या नावावर भरपूर स्टीम पॉवर असलेलं एक खातं. नावं मात्र दुकानाला शोभणारी : बिल्डअव्हेल, अपमी, बूस्टर, मिनोबूस्टर. रँडोव्हेल नावाचा एक जण तर सरळ लॉटरीच चालवायचा. ठरलेली रक्कम पाठवा, मत किती वजनाचं पडेल ते तुमचं नशीब. पण धंदा जमवला तो बोली लावणाऱ्या बॉटांनी. तुम्ही बॉटच्या खात्यावर पैसे पाठवायचे आणि सोबतच्या शेऱ्यात आपल्या लेखाचा पत्ता लिहायचा. दोन टक्के ताकद भरून यायला लागतात २.४ तास, म्हणून दर २.४ तासांनी एक फेरी. फेरी संपली की बॉट आपलं एक भलंमोठं मत घेऊन ते सगळ्या बोलीदारांत, ज्याने जेवढे टाकले त्या प्रमाणात, वाटून टाकणार.

हे प्रकरण कागदावर मांडल्याशिवाय त्यातली मजा कळत नाही. समजा, बॉटच्या पूर्ण मताची किंमत शंभर डॉलर. त्या काळातल्या नियमाने लेखाच्या कमाईतला पाव भाग मत देणाऱ्यांना, पाऊण लेखकाला. म्हणजे लेखकांच्या हातात मिळून येणार पंचाहत्तर. आता फेरीत सगळ्यांच्या बोली मिळून साठ डॉलर झाल्या, तर साठात पंचाहत्तर आले, सगळे फायद्यात. बोली नव्वदवर गेल्या, तर नव्वद घालून पंचाहत्तर आले, सगळे बुडाले. आणि फेरी बंद होईपर्यंत शेवटची बोली कोण मारेल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. आपल्याकडची बोली भिशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही हवा ओळखीची वाटेल. फरक इतकाच की भिशीत निदान समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घेता येतो आणि शेवटी चहा मिळतो.

म्हणून लोकांनी चहाशिवायची सोय केली. कुठला बॉट किती भरला, फेरी संपायला किती मिनिटं उरली, आत्ता बोली लावली तर नफा की तोटा, हे सगळं दाखवणारं एक पान निघालं, बॉट ट्रॅकर. त्यावर नजर ठेवून शेवटच्या मिनिटाला उडी मारायची. स्टीमचे सगळे व्यवहार ज्या ब्लॉकचेनवर नोंदले जात त्या साखळीत दर तीन सेकंदांनी एक नवा ठोकळा पडे, तेव्हा शेवटच्या ठोकळ्यात आपली बोली बसली पाहिजे. रात्री पावणेतीन वाजता लेखक डोळे फाडून जागा आहे, समोर लेख आहे, आणि तो शेवटच्या वाक्यावर अडलेला नाही. शेवटच्या मिनिटावर अडला आहे. साहित्याच्या इतिहासात लेखकांनी रात्री जागवल्या त्या वेगळ्या कारणांनी, पण डोळ्यांखालची काळी वर्तुळं सारखीच.

पाठवलेल्या पत्त्याच्या टोकाला काय आहे, याच्याशी बॉटला काही देणंघेणं नव्हतं. तिथे शोकांतिका असो, बटाट्याची भाजी असो की सूर्यास्ताचा धूसर फोटो आणि खाली ‘शुभ संध्याकाळ’, मत पडायचं पैशाला. काही बॉट मालकांनी मात्र काळ्या याद्या ठेवल्या होत्या. दुसऱ्याचं लेखन चोरणाऱ्याला, उगाच कचरा टाकणाऱ्याला आम्ही मत विकणार नाही, असं ते ठणकावून सांगत. मत विकू, पण कोणालाही नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

एवढी स्टीम पॉवर बॉटकडे आली कुठून? हा भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो. २०१७ मध्ये स्टीमवर अशी सोय झाली की आपली पॉवर स्वतःच्या नावावर ठेवून तिचा वापर दुसऱ्याला देता येई. व्हेलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज दहा लेख वाचा, बरेवाईट ठरवा, मत द्या, वर ज्यांना दिलं नाही त्यांची बोलणी खा, यापेक्षा पॉवर बॉटला भाड्याने द्यावी आणि बोलीच्या पैशांतला वाटा रोज सकाळी खात्यावर बघावा. ज्यांना वाचक म्हणून नेमलं होतं ते सगळे घरमालक झाले. मोठा मासा लहान माशाला खातो असं आपण शाळेत शिकलो. इथे मोठा मासा लहान माशाला भाड्याने तोंड देत होता आणि लहान मासा त्या तोंडाने स्वतःलाच शाबासकी देत होता.

टीका झाली की बॉटवाल्यांचं उत्तर तयार असे : अहो, ही साधी जाहिरात आहे, चांगल्या मालालाही जाहिरात लागते. युक्तिवाद बरा होता. अडचण अशी की जाहिरातीची अधिकृत सोय स्टीमिटवर आधीपासून होती आणि ती या सगळ्या कहाणीतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट होती. लेख पुढे आणायचा असेल तर ‘नल’ नावाच्या खात्यावर पैसे पाठवायचे. ते खातं कोणाचंच नव्हतं. तिथे गेलेले पैसे कायमचे नष्ट व्हायचे, आणि त्या बदल्यात लेख ‘प्रमोटेड’ नावाच्या वेगळ्या रकान्यात दिसायचा. त्या रकान्याकडे फारसं कोणी फिरकत नसे. जाहिरात म्हणजे पैशाची होळी, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या माध्यमाने मान्य केलेलं मला आठवत नाही. लोकांनी अर्थातच बॉट निवडला. होळीत टाकलेले पैसे परत येत नाहीत; बॉटकडचे कधी कधी व्याजासकट येत.

परिणाम व्हायचा तो झाला. ‘ट्रेंडिंग’ नावाचं जे दर्शनी पान, जिथे नवखा वाचक पहिल्यांदा पाऊल टाकणार, तिथे बोली लावून चढवलेले लेख मांडी ठोकून बसले. आणि ते लेख कशावर? स्टीमिटवर पैसे कसे कमवावेत यावर. कुठला बॉट सध्या चांगला परतावा देतो यावर. बॉटमुळे स्टीमिटचं कसं वाटोळं होतंय यावरही अत्यंत कळकळीने लिहिलेले लेख वर येत, आणि ते वर यावेत म्हणून लेखकाने बॉटला पैसे दिलेले असत. त्याचं म्हणणं, एरवी माझं कोणी वाचणार कसं? याला उत्तर नाही. व्यसनमुक्तीच्या व्याख्यानाला गर्दी जमवायची तर बारपासून सुरुवात करावी लागते, हे कार्यकर्त्यांना विचारा.

लेखांखालच्या प्रतिक्रिया हे आणखी वेगळं दालन. ‘छान लेख’, ‘उपयुक्त माहिती’, ‘तुम्हाला फॉलो केलंय, मलाही करा’. कुणाचे वडील गेल्याचं लिहिलं तरी खाली ‘छान लेख, असेच लिहीत राहा’. यातल्या किती माणसांनी लिहिलेल्या आणि किती बॉटने, हे ओळखायला मी एकदा बसलो होतो. निकष असा लावला की विसंगत प्रतिक्रिया बॉटची. तो निकष मग आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप समूहाला लावून पाहिला, तर तिथे दोन मावश्या, एक काका आणि जवळजवळ सगळे मामा यंत्र निघाले.

आणि चीता! हा बॉट चोरी पकडायचा. तुमचा मजकूर इंटरनेटवर आधी कुठे छापलेला सापडला की तो खाली येऊन सभ्यपणे सांगायचा : मी यंत्र आहे, मी आत्ताच तुम्हाला मत दिलं आहे, आणि वाचकांना रस वाटेल असा याच्यासारखाच मजकूर मला अमुक ठिकाणी सापडला आहे. खाली मूळ लेखाचा पत्ता. ‘चोर’ हा शब्द नाही, आवाज चढलेला नाही, वर एक बारीकसं मतही बक्षीस. मराठी साहित्यात वाङ्मयचौर्याची प्रकरणं ज्या भाषेत चालतात ती आठवून पाहा. आमच्याकडे दोन पिढ्यांची बोलाचाली बंद होते. चीत्याइतका सुसंस्कृत समीक्षक मी पाहिलेला नाही, आणि संपूर्ण स्टीमिटवर लेख खरोखर शब्दन् शब्द वाचणारा बहुधा तोच एक होता.

विकतची वाहवा ही काही या यंत्रांनी काढलेली टूम नव्हे. रोमचा सम्राट नीरो गाणं म्हणायचा. नेपल्समध्ये त्याने अलेक्झांड्रियाहून आलेल्या लोकांचं तालबद्ध टाळ्या वाजवणं ऐकलं आणि तो इतका हरखला की पाच हजारांहून जास्त धट्टीकट्टी पोरं त्याने खास त्याच कामासाठी निवडली. इतिहासकार सुएटोनियस हे नोंदवून गेला आहे. टाळ्यांचे प्रकारही ठरलेले : एक मधमाश्यांच्या गुणगुणीचा, एक कौलांचा, एक विटांचा. त्यांच्या म्होरक्यांना चार-चार लाख सेस्टर्स मिळत. सम्राट गात असताना नाट्यगृहातून कोणी उठायचं नाही असा नियम होता. तेव्हा काही जण भिंतीवरून उड्या टाकून पळाले आणि काहींनी मेल्याचं सोंग करून स्वतःला उचलून बाहेर नेववलं, असंही तोच सांगतो. संगीतसभेतून मध्येच निघताना फोन आल्याचं नाटक करणाऱ्या आपल्या लोकांनी हा दर्जा लक्षात घ्यावा.

पुढे पॅरिसने याची रीतसर कचेरी केली. १८२० मध्ये सोतों आणि पोर्शे नावाच्या दोघांनी नाटकांना यश मिळवून देणारी एजन्सीच उघडली. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या या टोळीला ‘क्लाक’ म्हणत आणि तिच्यात कामं वाटलेली होती. नाटक पाठ करून शेजाऱ्याला कोपराने ढोसत ‘आता बघा, काय वाक्य आहे’ म्हणणारे वेगळे. विनोदाला हसणारे वेगळे. डोळ्यांना रुमाल लावणारे वेगळे, त्यात बायका जास्त. प्रेक्षकांना खूश ठेवणारे वेगळे आणि ‘पुन्हा, पुन्हा’ ओरडणारे वेगळे. पॅरिस ऑपेराच्या क्लाकचा नायक ओग्युस्त लव्हासर तालमींना हजर राहायचा, स्वरलिपी अभ्यासायचा, कुठे किती टाळी हवी हे ऑपेराच्या संचालकांशी बसून ठरवायचा.

म्हणजे बघा, त्या भाडोत्री टाळकुट्याला निदान ऑपेरा ऐकावा तरी लागे. रोज. तोच. पाच अंकी. त्याच्या पगाराला कष्टाचा पैसा म्हणायला माझी हरकत नाही. त्याचा आणि कलावंताचा एका छपराखाली, एका वेळी, काहीतरी संबंध येत होता. चुकून एखाद्या रात्री त्याला खरंच रडू आलं असेल आणि ते रुमालवाल्यांच्या खात्यावर गेलं असेल.

बॉटने हा सगळा उपद्व्याप काढून टाकला. आणि तरीही, तुलनेला बसवलं तर बॉटच सरळ ठरतो. क्लाकचा माणूस आपण प्रेक्षक आहोत असं भासवायचा. बॉटने ‘मी वाचलं, मला भावलं’ असा दावा एकदाही केला नाही. उलट तो खाली लिहूनच जायचा की मी अमुक बॉट, अमुक लेखकाच्या सौजन्याने तुम्हाला इतक्या टक्क्यांचं मत दिलं आहे. आणि स्टीमची खतावणी तर सगळ्यांना उघडी. कोणी, कधी, कुठल्या बॉटला, किती पैसे, कुठल्या लेखासाठी पाठवले हे कोणीही वाचावं. त्यातलं काही खोडता येत नाही. लाचेची पावती शेऱ्यासकट, कायमस्वरूपी, सार्वजनिक. आपल्याकडच्या कुठल्या कचेरीत अशी सोय झाली तर माहिती अधिकाराचे अर्ज निम्मे होतील.

ट्विटरवर याच वर्षांत जे चाललं होतं ते मात्र पडद्याआड. जानेवारी २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने डेव्हुमी नावाच्या कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं. किमान पस्तीस लाख यांत्रिक खात्यांचा साठा, तेच अनुयायी अनेकांना पुन्हा पुन्हा विकलेले, मिळून वीस कोटींहून जास्त. काही खात्यांवर खऱ्या माणसांचे फोटो आणि नावं, एखादं अक्षर फिरवून. गिऱ्हाइकांत नट, खेळाडू, व्यावसायिक, सगळे. बातमी आल्यावर कित्येक थोरामोठ्यांचे अनुयायी रातोरात हजारोंनी ओसरले. स्टीमिटवर असा ओशाळवाणा प्रसंग यायचं कारणच नव्हतं. जिथे सगळे पाहुणे आहेर विकत घेऊन स्वतःलाच देत आहेत आणि पावत्या मांडवाच्या दाराशी टांगलेल्या आहेत, तिथे लाजायचं कोणापुढे?

तरीही लेखक सुखावत होते, याचं मला कुतूहल आहे. मत आपणच विकत घेतलंय हे माहीत, इतरांना माहीत, बॉटला माहीत असण्याचा प्रश्न नाही. फेरी संपायची, आकडा टुणकन उडी मारायचा आणि छातीत काहीतरी खरोखर फुलायचं. एका महाशयांनी तर आपल्या लेखावर पडलेल्या विकतच्या मतांबद्दल सर्व वाचकांचे मनापासून आभार मानल्याचं मी पाहिलं. त्यांच्या आभारप्रदर्शनालाही भरपूर मतं होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये स्टीमने नियम बदलले. मत देणाऱ्याचा वाटा पावावरून निम्म्यावर नेला, म्हणजे वाचून चांगला लेख शोधणं थोडं परवडायला लागलं. सोबत नापसंतीची मतं देण्यासाठी वेगळी ताकद दिली. आधी नापसंती द्यायची तर पसंतीची ताकद खर्ची पडे, म्हणून शहाणे लोक त्या भानगडीत पडत नसत. फुकट नापसंती मिळताच मंडळींनी ती बॉटने चढवलेल्या लेखांवर अशा काही उत्साहाने झोडली की बोलीचा धंदा काही आठवड्यांत बसला. काही बॉटांनी दुकान बंद केलं, काहींनी पाटी बदलून रसिकता सुरू केली. फुकटात मिळालेली प्रशंसा माणूस जपून वापरतो. फुकटात मिळालेली निंदा मात्र त्याच दिवशी संपवतो.

पण भाड्याच्या मतांची सवय अंगात मुरली होती, आणि ती उलटली ती पॉवरच्या मालकांवरच. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली, तिच्याकडच्या नाण्यांच्या मोठ्या साठ्यासकट. साखळी चालवणाऱ्या निवडून आलेल्या साक्षीदारांना धास्ती वाटली. त्यांनी तो साठा गोठवून टाकला. मार्चच्या सुरुवातीला, सन यांच्या बाजूने, नाण्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या काही बड्या एक्सचेंजेसनी आपल्या ग्राहकांची ठेवलेली नाणी पॉवरमध्ये अडकवली आणि त्या वजनावर मतं देऊन आधीचे साक्षीदार उडवले. त्यांच्या जागी वीस अनोळखी खाती बसली. ज्यांची नाणी होती ते ग्राहक आपलं मत पडलंय याबद्दल पूर्ण अनभिज्ञ, आणि अडकवलेली नाणी सोडवायला तेरा आठवडे. आरडाओरडा झाल्यावर एक्सचेंजेसनी मतं मागे घेतली, पण वाजायचं ते वाजलं होतं. २० मार्च २०२० ला बऱ्याच लोकांनी साखळीची प्रत काढून ‘हाइव्ह’ नावाने वेगळी चूल मांडली. त्याआधी ज्यांनी स्वतःची पॉवर भाड्याने दिली, त्यांतले कित्येक तेव्हा पोटतिडकीने लिहीत होते की दुसऱ्याच्या नाण्यांवर मत देणं ही लोकशाहीची हत्या आहे. लेख मनापासून लिहिलेले होते, आणि या खेपेला ते लोकांनी वाचलेही.

विकतच्या वाहवेच्या या दुखण्याची कल्पना भारत सरकारलाही आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये इंटरनेटवरच्या ग्राहक अभिप्रायांसाठी मानक काढलं, आयएस १९०००:२०२२. कुकर, विटा आणि हेल्मेट यांच्या शेजारी आता अभिप्राय. अभिप्राय देणारा खरोखर कोणी आहे ना, हे ईमेलने, फोनने, कॅप्चाने पडताळावं असं त्यात आहे, आणि पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय छापू नयेत असंही. काढलं तेव्हा ते ऐच्छिक ठेवलं होतं. प्रामाणिकपणा ऐच्छिक ठेवण्यात सरकारचा अनुभव बोलतो.

मात्र हे मानक पडलं वस्तू आणि सेवांच्या ग्राहकांसाठी. पुस्तक प्रकाशन समारंभ त्याच्या कक्षेत येत नाही, आणि ते बरंच आहे. प्रमुख पाहुण्यांना कॅप्चा सोडवायला लावला तर कार्यक्रम आणखी लांबेल, बटाटेवडे गार होतील. ‘पुस्तक अजून संपूर्ण वाचून झालेलं नाही, परंतु जेवढं चाळलं त्यावरून निःसंशय सांगतो की मराठीत असं लेखन यापूर्वी झालेलं नाही’ हे वाक्य मी मुंबईत ऐकलं आहे, पुण्यात ऐकलं आहे, पणजीलाही ऐकलं आहे. पाहुण्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांना शाल, श्रीफळ आणि ते पुस्तक ही तिन्ही एकदम व्यासपीठावर देतात, आणि लगेच माइक पुढे करतात.